वाळू, लोखंड आणि एक चुंबळ

मला अधूनमधून एक स्वप्न पडतं. आमच्या कॉलेजचं मैदान असतं, पहाट असते, आणि धुकं इतकं की पलीकडचा गोलपोस्ट दिसत नाही. त्या धुक्यातून आमच्या फुटबॉलच्या पोरी एक होडी ओढत येतात. खरीखुरी मच्छीमारी होडी, बुडाला डांबर फासलेली. समुद्र आमच्यापासून लांब, मधे भातशेतं, चिकूच्या वाड्या, हायवे, हायवेवरचे ट्रक. तरी ती होडी येते. ओल्या गवतावरून तिची सरसर ऐकू येते. मी शिट्टी तोंडात धरते, तर शिट्टी वाजत नाही. विचारावंसं वाटतं, अगं, कुठे नेताय ही? पण तेवढ्यात जाग येते.

असलं स्वप्न पडायला कारण आहे. ते सांगण्यासाठीच हे लिहायला बसले.

मी तलासरीच्या बाजूच्या एका कॉलेजात शारीरिक शिक्षणाची प्राध्यापिका आहे. लवकरच निवृत्त होईन. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढलं नव्हतं. बी.ए. झाल्यावर मी खेळाचंच पुढे शिकणार म्हटलं, तेव्हा बाबा नांगराचा फाळ ठोकत बसले होते. हात न थांबवता म्हणाले, "उड्या मारायला कॉलेज लागतं काय गं?" पण पदवी मिळाली तेव्हा तीच पदवी त्यांनी काचेत बसवून आणली, आणि भिंत मातीची असल्यामुळे खिळा टिकेना म्हणून घराच्या मधल्या खांबाला टांगली. आल्यागेल्याला दाखवायचे. कशात पदवी, असं कोणी विचारलं की म्हणायचे, "पळण्यात." मला त्याची लाज कधीच वाटली नाही. आजही वाटत नाही.

लोकांना वाटतं, आमचं काम म्हणजे पंधरा ऑगस्टला 'सावधान' म्हणायचं आणि उरलेलं वर्ष झाडाखाली खुर्ची टाकून बसायचं. खरं काम असं आहे की वीस-बावीस पोरींची शरीरं तुमच्या हवाली केलेली असतात. त्या शरीरांनी पुढे भात लावायचा असतो, पाणी वाहायचं असतं, लेकरं जन्माला घालायची असतात, कोणाला पोलीस भरतीत पळायचं असतं. ती शरीरं तुम्ही चार वर्षं वापरता आणि परत करता. कशी परत करता, तेच आमचं काम.

आमचा मुलींचा फुटबॉल संघ उभा केला तो तांडेल सरांनी. मी त्यांचीच विद्यार्थिनी. माझ्या वेळी मुलींचा संघ नव्हता, तर सरांनी मला मुलांच्या संघात गोलवर उभं केलं होतं. "उंच आहेस, आणि घाबरत नाहीस. बस झालं." सर धाकटी डहाणूचे, मच्छीमार घरातले. अंगाने काटकुळे, पँट पोटरीपर्यंत दुमडलेली, गळ्यात पितळी शिट्टी. कॉलेजात त्यांची नेमणूक मानधनावरची, पण मैदानावर त्यांचंच राज्य. फुटबॉल ते समुद्राच्या भाषेत शिकवायचे. "भरती आली की सगळ्यांनी चढायचं. ओहोटी लागली की सगळ्यांनी उतरायचं. मधे जो रेंगाळला तो चिखलात रुतला." आमच्या डोंगराकडच्या पोरींनी समुद्र फारसा पाहिलेलाही नसे, पण हे बरोबर कळायचं.

आणि रविवारी ते सगळ्या संघाला डहाणूला न्यायचे. खाडीच्या तोंडाशी, ओहोटीला. तिथे मासेमारी करून आलेल्या होड्या वाळूवर ओढायच्या असत. पोरी दोराला लागायच्या. सर पुढे उभे राहून आवाज द्यायचे, "हेऽऽस्सा!" आणि होडी हातभर सरकायची. पुन्हा हेस्सा, पुन्हा हातभर. ऊन कलतं, ओली वाळू आरशासारखी झालेली, त्यात पोरींची उलटी चित्रं, होडीचं उलटं चित्र. कोण वर आहे आणि कोण खाली, कळू नये असं दिसायचं. शेवटी तांडेलांच्या घरून बोंबलाचं कालवण आणि भाकरी यायची. आमच्या संघाची ताकद कमावण्याची सगळी सोय एवढीच. आणि आम्ही जिंकायचो. शहरातल्या कॉलेजच्या पोरी शेवटच्या दहा मिनिटांत धापा टाकायच्या तेव्हा आमच्या पोरी गाणी म्हणत पळायच्या.

मग रेखाचा गुडघा गेला.

करोना संपून कॉलेजं पुन्हा भरू लागली होती, त्या सुमाराची गोष्ट. रेखा आमची सगळ्यात चपळ पोरगी. एका सामन्यात तिने उंच उडी मारून चेंडू डोक्याने परतवला आणि खाली उतरली. कोणी ढकललं नाही, कोणी पाय घातला नाही. नुसती उतरली, गुडघा आत वळला, आणि ओली काठी मोडावी तसा आवाज आला. तो मला मैदानाच्या कडेला ऐकू आला. कासा गावच्या दवाखान्यात नेलं, तिथून पुढे मोठ्या दवाखान्यात. जीपमध्ये तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तिने एकच विचारलं, "मॅडम, आवणीला उभी राहीन ना?"

उभी राहिली. भात लावते, बरी आहे, दोन मुलं आहेत. पण चेंडूला परत कधी शिवली नाही.

त्यानंतर मी पुण्याला एका प्रशिक्षणाला गेले. तिथे मला जे कळलं ते साध्या शब्दांत सांगते. गुडघा बिचारा मधला माणूस असतो. त्याला वरून मांडी आणि कंबर सांभाळतात, मागून मांडीच्या पाठचे स्नायू. धावायला दम लागतो, तो आमच्या पोरींकडे भरपूर. पण उंचावरून उतरताना, एकदम थांबताना, वळताना जोर लागतो, आणि तो जोर वजन उचलून कमावता येतो. मुलींना तो जास्तच लागतो. होडी ओढताना पोरी जोर लावतातच, पण पायाखाली वाळू असते. वाळू चूक पोटात घेते. मैदान घेत नाही.

परत आल्यावर मी हे सरांना सांगितलं. सर चेंडूत हवा भरत होते.

"लोखंड?" ते म्हणाले. "पोरींना?"

"हो सर. दांडा घेऊन बैठका. हळूहळू वाढवत."

"जड होतील. जड होडी पाण्यात बसते, शैले."

"सर, रेखा हलकीच होती."

पंप चालू राहिला. चेंडू इतका टणक झाला की मला वाटलं फुटेल.

हा वाद आमच्यात एक पूर्ण पावसाळा चालला. भांडण म्हणता येणार नाही, कारण सर आवाज चढवत नसत. मी काही बोलले की ते डोंगराकडे बघायचे. महालक्ष्मीच्या सुळक्यावर ढग उतरलेले असायचे, आणि सर त्या ढगातल्या कोणाला तरी सांगावं तसं सांगायचे, "आमच्या गावात बायका टोपली डोक्यावर घेऊन बाजार गाठतात. त्यांना कोणी दांडा दिला नाय."

तेवढ्यात कॉलेजात नवे प्राचार्य आले. त्यांना संघाचा प्रशिक्षक पदवीवाला, कायम नोकरीतला हवा होता. सरांचं मानधन पुढे चालू ठेवलं नाही आणि संघ माझ्याकडे दिला. मी मागितला नव्हता. पण 'नको' म्हणून कागदही फेकला नाही, कारण माझ्या डोळ्यांपुढे मैदानाकडेची ती रिकामी पत्र्याची शेड होती, ज्यात मला लोखंड ठेवायचं होतं. सर शेवटच्या दिवशी आले, चेंडूंची जाळी आणि पंप माझ्याकडे दिला. गळ्यातल्या शिट्टीला हात लावून म्हणाले, "ही माझी आहे," आणि एस.टी. पकडून गेले.

जिमचं सामान विकत घेण्याइतकी आमच्या कॉलेजची ऐपत नव्हती. मी तलासरीच्या नाक्यावरच्या वेल्डिंगवाल्याला गाठलं. तो गुजराती. माझ्या हातातलं चित्र त्याने उलटसुलट करून पाहिलं. "बेन, आ गेट नथी, ग्रील नथी, तो छे शुं?" गेट नाही, ग्रील नाही, मग हे आहे तरी काय? म्हटलं, पोरींनी खांद्यावर घेऊन उठाबशा काढायच्यात. तो आधी हसला, मग गडबडला. पण माणूस कारागीर. भंगारातल्या गाड्यांची जाड चाकं कापून त्याने इतक्या गुळगुळीत चकत्या करून दिल्या की आजही हाताला कड लागत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये सगळं मांडलं. पोरगे येऊन दंड फुगवून फोटो काढायला लागले, आरसा लावा म्हणून मागे लागले. मी सांगितलं, "आरसा पाहिजे तर केस कापायला जा."

आणि पहिल्याच दिवशी गंमत झाली. तिथूनच सगळं पुढचं सुरू झालं.

वनिता आमची स्टॉपर, म्हणजे गोलच्या पुढ्यात उभी राहून समोरच्यांना अडवणारी. आशागडच्या पुढल्या पाड्यावरची. वडील लवकर गेले, आई लखमी चिकूच्या वाडीत मजुरीला. वनिता कॉलेजच्या वसतिगृहात राहायची आणि शेवटच्या वर्षाला होती. हिवाळ्यात विद्यापीठाच्या संघाची निवड होती. तिला ती मिळू शकेल असं मला वाटत होतं, आणि ती मिळाली तर पुढे पोलीस भरतीत तिला खेळाडू म्हणून जागा मिळायची आशा होती.

तर मी पोरींना सांगितलं, "दांडा घ्या आणि बैठक मारा." एवढं बोलून मी चकत्या काढायला वळले. वळून परत बघते तर वनिताने ओढणीची गोल चुंबळ वळली होती, ती डोक्यावर ठेवली होती आणि तिच्यावर दांडा आडवा घेतला होता. पाठ ताठ, मान स्थिर. टाचेवर पूर्ण बसली आणि तशीच उठली. हात लावलेले नाहीत. मागे बाकीच्या पोरी आपापल्या चुंबळी वळत उभ्या.

मी किंचाळले. "अगं, डोक्यावर नाही! खांद्यावर!"

"वजन ना मॅडम?" वनिता म्हणाली. "वजन डोक्यावर घ्यायचं असतं."

पुण्याला आम्हाला आठवडाभर घालवून जी बैठक शिकवली, ती यांना शिकवावीच लागली नाही. चुलीपुढे, शेतात, विहिरीवर सगळं आयुष्य उकिडवं बसून गेलेलं. आणि लहानपणापासून डोक्यावर हंडा घेऊन चालल्यामुळे मान हलत नाही, नजर खाली जात नाही. चेंडू पायात ठेवून समोर बघत पळणं आमच्या पोरींना का जमतं, ते मला त्या दिवशी कळलं. मी खूप हसले. पोरीही हसल्या. एकीने फोनवर फोटो काढला.

तो फोटो पाड्यांवर फिरला. आठवडा झाला असेल नसेल, लखमीबाय मैदानावर हजर. गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं, हातात रिकामी गोणी. गोणी वनिताचं सामान भरायला आणली होती.

"मास्तरीणबाय," ती म्हणाली, "मी पोरीला न्यायला आली."

मी तिला बसवलं, पाणी दिलं. ती बसली नाही, पाणी घेतलं.

"लोखंड उचलून बायकांचं अंग खाली येतं. उद्या लगीन होईल, पोर नाय झालं तर कोण बघील? तुम्ही?"

मी समजावलं. डॉक्टर काय म्हणतात, पुण्याला काय शिकवलं, सगळं सांगितलं. मग मला वाटलं आपण हुशारीने बोलावं. म्हटलं, "मावशी, तुम्ही लाकडाची भारी वाहता ना डोक्यावर? ती या दांड्याच्या दुप्पट असेल."

लखमीबायने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझीच पदवी खांबावर टांगलेली दिसली.

"मी भारी वाहिली म्हणूनच पोर शिकायला घातली," ती म्हणाली. "तिच्या डोक्यावर भारी नको म्हणून. आणि तुम्ही कॉलेजात नेऊन परत भारीच दिली!"

खरं सांगते, माझ्या आईनेही मला याच कारणासाठी शाळेत पाठवलं होतं. वनिता दाराशी उभी होती, रडत नव्हती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. थोड्या वेळाने दोघी सामान भरलेली गोणी घेऊन हायवेकडे गेल्या. गोणी आईच्या डोक्यावर होती. पोरीने मागितली, तिने दिली नाही.

लखमीबायने आयुष्यात एकाच मास्तराचं ऐकलं होतं, ते तांडेल सरांचं. सरांच्या घरच्या बायका सुकं म्हावरं घेऊन पाड्यांवर जायच्या, तेव्हापासूनची ओळख. वनिताला बारावीनंतर घरी बसवणार होते, तेव्हा सरच पाड्यावर जाऊन तिच्या आईशी बोलले होते. म्हणजे मला ज्यांची जागा दिली, त्यांच्याकडेच जायचं होतं, आणि ज्या लोखंडाला ते नको म्हणाले, त्याच लोखंडासाठी.

मी गेले. नवरात्र सुरू झालं होतं. दुपार कलताना धाकटी डहाणूला पोचले, तेव्हा ओहोटी लागलेली. खाडीतलं पाणी हळूहळू निघून चाललं होतं, होड्या एकेक करून कुशीवर कलत होत्या, झोपी जाणाऱ्या गुरांसारख्या. सर वाळूत जाळं पसरून बसले होते.

"ये शैले. प्रशिक्षकबाई."

"सर, टोमणा मारा, पण ऐकून घ्या."

मी सगळं सांगितलं. सरांचे हात जाळ्यातून फिरत राहिले.

"मला काढलं, आणि आता माझा शब्द पाहिजे?"

"हो."

त्यांनी मान वर केली. "हो म्हणते! नाय तर लोक म्हणतात, सर, गैरसमज झाला." ते हसले, आणि मला वाटतं तेव्हाच वाळू थोडी सरकली. मग म्हणाले, "तो दोर दिसतो? ओढ."

त्यांच्या पुतण्याची होडी होती. आता होड्या बहुतेक ट्रॅक्टरने ओढतात, ट्रॅक्टर कुठे तरी अडकला होता. मी साडीचा पदर खोचला आणि दोराला लागले. आजूबाजूची माणसं लागली. सर पुढे उभे राहिले. "हेऽऽस्सा!" या वयात मी ओढत होते आणि वाळू पायाखालून निसटत होती, पण लागत काही नव्हतं. गार, मऊ, सगळं पोटात घेणारी वाळू. वाटलं, इथेच राहावं. इथे कोणाचा गुडघा जाणार नाही.

होडी वर आली. सर माझ्या शेजारी टेकले.

"रेखाच्या गुडघ्याचा आवाज," ते खाडीकडे बघत म्हणाले, "तुला वाटतं तुझ्याच कानात आहे?"

मी तळहाताला लागलेली वाळू झाडत राहिले.

"मी लोखंड चांगलं आहे असं सांगणार नाय. मला माहीत नाय. जे माहीत नाय ते लखमीबायला मी सांगत नाय, म्हणून ती माझं ऐकते. पण दसऱ्याला मी तिला घेऊन येतो. तुम्ही शेडमध्ये हत्यारं पूजता की नाय?"

पूजणारच होतो, असं मी सांगितलं. खरं तर मला सुचलंच नव्हतं.

आमच्याकडे दसऱ्याला हत्यार पूजतात. कोयता, कुऱ्हाड, नांगर, शिलाई मशीन, रिक्षा, ज्याचं पोट ज्यावर, त्याला झेंडू वाहायचा. त्या दिवशी हत्याराला काम सांगायचं नाही. पोरींनी शेड सारवली, म्हणजे सिमेंटची जमीन होती तरी वरून शेणाचा हात फिरवलाच. दांडा पाटावर ठेवला. चकत्या रचल्या त्या अगदी देव्हाऱ्यासारख्या. सर आले, त्यांच्यामागे लखमीबाय आणि वनिता, बरोबर ती न सोडलेली गोणी. लखमीबायच्या हातात भाताच्या ताज्या लोंब्या होत्या. ती दारात बराच वेळ थांबली. तिने ज्या लोखंडाचा राग धरला होता, ते हळदीकुंकू लावून समोर बसलं होतं. पूजेला आलेल्या बाईने हत्याराला कुंकू लावायचं नाही असं कसं चालेल? तिने लावलं. लोंबी वाहिली. सरांनी गळ्यातली पितळी शिट्टी काढली आणि दांड्याशेजारी ठेवली.

पूजा झाल्यावर लखमीबायने दांड्याखाली हात घातला, वजनाचा अंदाज घ्यायला.

"आज नाय," सर म्हणाले. "आज त्याला विसावा. उद्या बघ."

सर संध्याकाळच्या गाडीने गेले. शिट्टी पाटावरच राहिली. मी धावत त्यांना द्यायला गेले तर म्हणाले, "पूजलेली वस्तू उठवायची नसते," आणि खिडकीतून दुसरीकडे बघायला लागले.

लखमीबाय वसतिगृहात लेकीजवळ राहिली. दुसऱ्या दिवशी पहाटे मी मैदानावर आले तेव्हा धुकं नुकतं धरायला लागलेलं. अशा पहाटे लोखंडाला घाम येतो. दांड्यावर दवाचे थेंब होते आणि कालचा झेंडू ओला होऊन चिकटला होता. लखमीबाय आधीच आत उभी होती. तिने जुन्या लुगड्याचा एक तुकडा काढला आणि चुंबळ वळली. मी म्हटलं, "मावशी, डोक्यावर नको, खांद्यावर." तिने मान हलवली, चुंबळ मानेमागे खांद्यांच्या मधोमध ठेवली, आणि वनिताने व मी मिळून दांडा तिच्यावर ठेवला.

ती खाली बसली. टाचा टेकलेल्या, पाठ सरळ. आणि उठली. सरावलेल्या बाईचं ते उठणं इतकं शांत होतं की पत्र्यावरून गळणारं दव ऐकू येत होतं. उठल्यावर ती दाराकडे तोंड करून उभी राहिली. बाहेर सगळं पांढरं. ती निघायच्या तयारीत होती. म्हणाली,

"कुठे न्यायची?"

आम्हाला कळेना.

"कुठे नाय आई," वनिता म्हणाली. "ठेव खाली."

"खाली?"

"हो. मन झालं की ठेवायची."

लखमीबाय दांडा घेऊन तशीच उभी. तिच्या चेहऱ्यावर मला न सांगता येणारं काही तरी आलं. आयुष्यात तिने जेवढं उचललं, ते सगळं कुठे तरी पोचवायचं होतं. घरी, बाजारात, मालकाच्या ट्रकपर्यंत. मधे टेकवलं तर परत उचलून द्यायला कोणी नसे. तिने आमच्या मदतीने दांडा खाली ठेवला. धप्प झालं. मग ती हसायला लागली. तोंडाला पदर लावून, भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "एवढंच?" म्हणाली. "एवढंच करता होय गं तुम्ही?"

आणि म्हणाली, "परत द्या."

ती परत गेली तेव्हा चुंबळ शेडमध्येच ठेवून गेली. गोणीही ठेवून गेली, कारण न्यायला काही उरलं नव्हतं.

हिवाळ्यात निवडीचे सामने झाले. मैदान कडक, तव्यासारखं. माझ्या शेजारी बाकावर तांडेल सर बसले होते, मी बोलावलं म्हणून. समोरच्या उंच पोरीबरोबर वनिताने उडी घेतली. दोघी हवेत धडकल्या. मी डोळे मिटले. काठी मोडल्याच्या आवाजाची मी वाट बघत होते. तो आला नाही. डोळे उघडले तर वनिता दोन्ही पायांवर उतरून, गुडघे वाकवून, जवळपास उकिडवी बसलेली होती, भारी उचलायला बसावं तशी. मग उठली आणि चेंडूमागे पळाली.

"उतरली," सर म्हणाले. बराच वेळ त्यांनी श्वास धरला असावा.

ती लोखंडामुळे नीट उतरली की वाळूमुळे, की लखमीबायच्या पोटची म्हणून, मला खात्रीने सांगता येणार नाही. पुण्यातले लोक सांगतील, लोखंड. सर अजून म्हणतात, होडी. आम्ही आता आठवडाभर शेडमध्ये असतो आणि महिन्यातून एका रविवारी डहाणूला जातो. वनिताची निवड झाली. आज ती पोलीस दलात आहे आणि सुट्टीत आली की नव्या पोरींना उडीवरून उतरायला शिकवते. सरांचं मानधन काही परत सुरू झालं नाही. मी अर्ज केले, माणसांना भेटले, झालं नाही. शेडच्या दारावर सरांचं नाव लिहायचं ठरवलं तर तेही त्यांनी लिहू दिलं नाही. "दारावर नाव मेल्यावर," म्हणाले. ती शिट्टी मात्र मी वाजवते. रेखाला एकदा शेड बघायला बोलावलं होतं. ती आली नाही. तिचं बरोबर आहे.

चुंबळ अजून दांड्याला बांधलेली असते. कापड विटलं की कुठली तरी आई नवीन वळून पाठवते. पहाटे ती दवाने भिजते. मी पिळून दारात वाळत टाकते. आणि पोरींची एक पद्धत पडली आहे, कोणी शिकवलेली नाही. एकीने दांडा घेऊन बैठका संपवल्या की बाकीच्या ओरडतात, "कुठे न्यायची गं?" ती म्हणते, "कुठेच नाय!" आणि धप्प.

परवा ते स्वप्न पुन्हा पडलं. धुकं, मैदान, पोरी, होडी. या वेळी दोराला लखमीबायही होती, आणि पुढे काटकुळे सर. शिट्टी वाजली नाही तरी मला या वेळी विचारायचं सुचलं. म्हटलं, अगं, कुठे नेताय ही?

सगळ्या थांबल्या. एकमेकींकडे बघून हसल्या. आणि दोर सोडून ओल्या गवतात बसल्या.

होडी तिथेच राहिली, मैदानाच्या मधोमध. मला जाग आली तेव्हा अंधार होता आणि फार हलकं वाटत होतं.